चकाकणारे आमिष

मत्तयलिखित शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायात मंदिरपट्टीचा प्रसंग आहे. प्रभू येशू पेत्राला सरोवरावर जाऊन गळ टाकावयास सांगतो. वर येणाऱ्या पहिल्या माशाच्या तोंडात नाणे सापडेल, असे म्हणतो. प्रवचनात आपण त्या नाण्याविषयी बोलतो, गळाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वास्तविक शुभवर्तमानांतील मासेमारी जाळ्यांची आहे. गळाचा उल्लेख हा एवढा एकच. गालीलच्या काठी आज यात्रेकरूंना ‘पेत्राचा मासा’ म्हणून तिलापिया वाढतात. परंतु तो सूक्ष्म जलजीवांवर जगणारा, गळाला क्वचितच लागणारा. म्हणून त्या सरोवराचे अभ्यासक मेंडेल नून यांनी तो मासा बार्बेल, म्हणजे आपल्या महाशीरच्या कुळातला, असावा असे मत मांडले. ते मला पटते.

गळाला आपल्या रत्नागिरीत गरी म्हणतात. गरीला कोलंबी लावणे निराळे आणि खाण्यास निरुपयोगी असा नुसता चकाकता तुकडा दाखवून माशाला फसविणे निराळे. पॅसिफिक बेटांवरील लोक शिंपल्यांचे चकचकीत गळ पूर्वापार वापरीत आले. अमेरिकेत ज्युलिओ ब्यूएल याने १८५२ साली धातूच्या चमच्यासारख्या आमिषाचे एकस्व मिळविले. होडीत जेवताना त्याच्या हातून चमचा सरोवरात पडला आणि बुडता बुडता त्याच्यावर मोठ्या माशाने झडप घातली, अशी दंतकथा आहे. खरी असो वा नसो, या विद्येचे मर्म तिच्यात आले आहे.

खोल सरोवरात जड धातूचा तुकडा तळापर्यंत सोडतात. मग काठीचे टोक हातभर उचलतात व पुन्हा खाली नेतात. उचलताना तुकडा चमकतो, पडताना हेलकावे घेतो आणि जखमी मासोळीसारखा भासतो. शिकारी मासा बहुधा या पडण्याच्या क्षणीच तोंड घालतो. त्याला केवळ डोळ्यांनी कळते असे नाही. अंगावरच्या पार्श्वरेषेने तो पाण्यातील कंपही जाणतो. म्हणून दोर ना सैल ना ताठ, असा हातात जागा ठेवावा लागतो. थंड देशांत बर्फाला भोक पाडूनही हाच खेळ चालतो.

आपल्याकडे ही विद्या इंग्रज अधिकाऱ्यांबरोबर आली. दक्षिण कानडा जिल्ह्याचा कलेक्टर हेन्री सलिव्हन थॉमस याचे ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक १८७३ साली मंगळूरला छापले गेले. महाशीर हा त्यातला नायकच म्हणावा. माशांच्या पिलांचा जो संहार चाले, त्याचीही या गृहस्थाला चिंता होती. पुढे १८९७ च्या कायद्याने मासे मारण्यासाठी सुरुंग व विष वापरणे गुन्हा ठरले. तरीही महाराष्ट्राच्या तळ्यांत धातूचे आमिष फारसे रुजले नाही. कारण साधे आहे. आपण तळ्यांत सोडतो रोहू, कटला आणि मृगळ. ते काही शिकारी नव्हेत. चकाकीमागे धावणारा मरळ कडेच्या गवतात दबा धरून असतो, खोल पाण्यात नव्हे. जिताडा आणि तांबोशी धावतात खरे, पण ते खाडीचे मासे.

चकाकीचे आमिष रत्नागिरीला मोठ्या प्रमाणावर भेटले ते समुद्रात आणि निराळ्याच रूपात. नौकेवर जनित्र ठेवून एलईडीचे प्रखर दिवे पाण्यावर सोडतात. उजेडाकडे बारीक जीव येतात, त्यांच्यामागे मासळी येते आणि पर्ससीन जाळे सबंध थवाच वेढून घेते. गरीच्या चकाकीला एका वेळी एक मासा भुलतो. इथे लहानमोठे सारेच. राज्य शासनाने ५ फेब्रुवारी २०१६ रोजी पर्ससीनवर निर्बंध घातले. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने दिव्यांच्या मासेमारीस बंदी केली आणि २०२१ साली राज्याने आपल्या कायद्यातील दंड लाखांच्या घरात नेला. पारंपरिक मच्छीमारांच्या तक्रारी मात्र थांबलेल्या नाहीत. दिव्यांच्या नौका रात्री जिथे फिरून गेल्या, तिथे पहाटे गरी घेऊन जाणाऱ्या छोट्या होडीने काय शोधावे, हा त्यांचा प्रश्न आहे.