किंमत समक्ष

मराठी माणूस पैशाबद्दल बोलायला लाजतो, याचा छापील पुरावा हवा असेल तर वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिराती वाचाव्यात. 'विकणे आहे. दोन खोल्या, दुसरा मजला, भरपूर हवा-उजेड, चोवीस तास पाणी, स्टेशनपासून पाच मिनिटे. दलाल क्षमस्व.' वारा कुठून येतो हेसुद्धा सांगितलेले असते. फक्त एक गोष्ट नसते. तिच्या जागी दोन शब्द असतात : 'किंमत समक्ष.' जाहिरातीला शब्दांच्या हिशेबाने पैसे पडतात, तरी माणूस किंमत न सांगण्यासाठी दोन शब्दांचे पैसे मोजतो!

बँकेत काउंटरच्या आतल्या बाजूला बसतो म्हणून हे विक्रेते मला विचारायला येतात. (बँकेतल्या कारकुनाला पैशातले सगळे कळते, असा समाजाचा एक गोड समज आहे. वास्तविक आम्ही फक्त दुसऱ्यांचे पैसे मोजतो.) "काय हो, आकडा छापू की नको? कमी छापला तर जन्मभर चुटपुट, जास्त छापला तर कुत्रं फिरकायचं नाही." कॉमर्सच्या पुस्तकांत याचे उत्तर मला कधी सापडले नाही. म्हणून इतिहासाची पाने चाळली.

'आधी तू बोल' हा खेळ फार जुना. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात हिरोडोटसने कार्थेजच्या व्यापाऱ्यांची हकिगत लिहून ठेवली आहे. हे लोक आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माल मांडत, धूर करून वर्दी देत आणि जहाजावर जाऊन बसत. तिथले रहिवासी येत, मालाशेजारी सोने ठेवत आणि लांब जाऊन उभे राहत. सोने कमी वाटले तर व्यापारी पुन्हा जहाजावर. सौदा पटेपर्यंत अशा येरझारा! दोन्ही बाजूंनी एक अक्षर नाही. आपल्याकडच्या गुरांच्या बाजारात बोटे तरी बोलतात. रुमालाखाली हात घालायचा, बोटे दाबून आकडा सांगायचा. आकडा दोघांनाच ठाऊक. बैलालासुद्धा आपली किंमत कळत नाही.

पण किंमत न सांगता जमीन विकण्यातला खरा उस्ताद म्हणजे फ्रान्सचा परराष्ट्रमंत्री तालेराँ. १८०३ साली अमेरिकेचा वकील लिव्हिंग्स्टन पॅरिसमध्ये न्यू ऑर्लिन्स बंदर आणि आसपासचा थोडा मुलूख मिळावा म्हणून खेटे घालत होता. ११ एप्रिलला तालेराँने त्याला सहज विचारावे तसे विचारले, की आख्खा लुईझियाना घ्यायचा झाला तर काय द्याल? माणूस एक खोली बघायला आला आणि मालकाने चाळीचा भाव विचारला! गडबडलेला लिव्हिंग्स्टन दोन कोटी फ्रँक म्हणाला. तालेराँ म्हणाला, फारच कमी, विचार करून या. मग नेपोलियनचा खजिनामंत्री बार्बे-मार्ब्वा याने दहा कोटी सांगितले आणि घासाघीस होऊन सहा कोटींवर सौदा तुटला. शिवाय अमेरिकन नागरिकांची फ्रान्सकडची सुमारे दोन कोटींची येणी अमेरिकेने स्वतःच्या डोक्यावर घेतली. सारे मिळून दीड कोटी डॉलर. देश जवळजवळ दुप्पट झाला. नेपोलियन पाच कोटींवर राजी होता, असे मार्ब्वाने पुढे लिहून ठेवले. म्हणजे तोंड मिटून बसल्याची कमाई एक कोटी!

"बघा, म्हणजे आकडा न छापणंच बरं," असे तुम्ही म्हणाल. थांबा. लुईझियानाच्या शेजारी दुसरा लुईझियाना गेल्याच महिन्यात विकला गेलेला नव्हता. तुमच्या दोन खोल्यांखालच्या दोन खोल्या मात्र कितीला गेल्या, हे जिन्यातल्या सर्वांना पाठ असते. जिथे भाव सगळ्या गल्लीला ठाऊक, तिथे मौन पाळून तालेराँ होता येत नाही.

आणि इतिहासाला दुसरी बाजू आहे. सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या क्वेकर पंथाच्या दुकानदारांनी घासाघीस बंद करून एकच भाव ठेवला. जास्त सांगून कमी घेणे म्हणजे खोटे बोलणे, असे त्यांचे म्हणणे. सुरुवातीला गिऱ्हाईक बिचकले. मग लोकांच्या लक्षात आले, की इथे लहान पोराला पाठवले तरी फसवणूक होत नाही. पंथाचा संस्थापक जॉर्ज फॉक्स याने ही गोष्ट अभिमानाने नोंदवली आहे. पुढे १८५२ पासून पॅरिसच्या 'बाँ मार्शे'त अरिस्तीद बुसिकोने वस्तूंवर किमतीच्या चिठ्ठ्या लावल्या. ती चिठ्ठी दिसायला एवढीशी, पण तिच्यामुळे सरदाराची बायको आणि शिवणकाम करणारी पोर यांना एकच भाव पडू लागला.

आपल्याकडे आकडा लपण्याला आणखी एक कारण होते. घराला किमती दोन असत : एक कागदावरची, एक पिशवीतली. जाहिरातीत छापणार कोणती? शेवटी सरकारने १९८६ साली प्राप्तिकर कायद्यात कलमे घातली, की मोठ्या शहरांतल्या मोठ्या व्यवहारांत कागदावरची किंमत फार कमी दिसली तर त्या किमतीला सरकारच ते घर विकत घेईल! २००२ पर्यंत हा कायदा लागू होता. स्वस्तात विकल्याचे नाटक करणाऱ्याला खरोखरच स्वस्तात विकायला लावणारा इतका विनोदी कायदा माझ्या वाचनात दुसरा नाही.

तेव्हा विचारायला येणाऱ्यांना मी सांगतो : आकडा छापा. 'किंमत समक्ष' याचा खरा अर्थ 'आधी तुम्हाला बघू, मग किंमत सांगू' असा आहे. गिऱ्हाईक मोटारीतून उतरले की एक भाव, बसमधून उतरले की दुसरा. ज्याला पैशाची फिकीर नाही तो बेधडक फोन करतो. पण प्रॉव्हिडंट फंड, सोसायटीचे कर्ज आणि बायकोच्या बांगड्या यांची बेरीज करून घर शोधणारा माणूस अशा जाहिरातीपाशी अडखळतो. विचारायचे आणि 'आपल्याला झेपणारे नाही' म्हणून मान खाली घालून जिना उतरायचा, याची त्याला भीती वाटते. तो पान उलटतो. कदाचित त्याची बेरीज तुमच्या आकड्याला तंतोतंत जुळत असते.

घर कोणाला विकले याचा पश्चात्ताप करणारे पुष्कळ भेटतात. ज्याने दाराची कडीच वाजवली नाही, त्याच्याबद्दल मात्र कोणी हळहळत नाही. तो आपल्याला ठाऊकच नसतो.