आपला निंजा हातोडी मराठी होता, फक्त बोलायचा हिंदीत

हा भाग तुम्ही ऐकला असेल तर आता निवांत वाचा. ऐकला नसेल तर हेडफोन राहू द्या, इथूनच सुरुवात करा.

मी बाभुळगावचा. यवतमाळहून धामणगावला जाताना लागतं ते. शाळा सुटली की दप्तर फेकायचं आणि टीव्हीसमोर बसायचं, हा आमचा नेम. अट एकच, लाइट असली पाहिजे. लोडशेडिंगच्या त्या दिवसांत अर्धा भाग पाहायला मिळायचा आणि उरलेला अर्धा आम्ही पोट्टे अंगणात स्वतःच करायचो. त्यात मी निंजा हातोडी.

आता गंमत ऐका. आम्हाला वाटायचं, हातोडी म्हणजे खिळे ठोकायची हातोडी! खरं नाव हात्तोरी. जपानमधलं हे जुनं आडनाव आहे. सोळाव्या शतकात हात्तोरी हान्झो नावाचा एक नामांकित योद्धा होऊन गेला. फुजिको फुजिओ या जोडनावाने चित्रकथा काढणाऱ्या दोन मित्रांपैकी एकाने १९६४ मध्ये आपल्या छोट्या निंजाला तेच आडनाव दिलं. हिंदीत येता येता त्याची हातोडी झाली.

पण आजची गोष्ट त्याच्या नावाची नाही, आवाजाची आहे. खूप वर्षांनी, कॉलेजात असताना कळलं की हिंदी हातोडीचा आवाज एका बाईचा आहे, आणि ती बाई मराठी आहे. मेघना एरंडे. नॉडी आठवतो? निळी टोपी, टोपीला घंटी. तोही हिंदीत त्याच बोलल्या. मी तर उडालोच. ज्याची नक्कल करत मी अख्खं लहानपण काढलं, तो मुंबईतल्या एका मराठी अभिनेत्रीचा आवाज होता!

मुलाच्या पात्राला बाईचा आवाज का? कारण साधं आहे. पोरगं बारा-चौदा वर्षांचं झालं की त्याचा आवाज फुटतो, पण कार्टूनमधलं पोरगं कधी मोठंच होत नाही. हात्तोरीची जपानी मालिका १९८१ ते १९८७ चालली आणि तिचे सहाशेहून जास्त भाग झाले. एवढी वर्षं एकच आवाज टिकवायचा तर मोठी बाईच लागते. जपानमध्येही हात्तोरीला आवाज दिला तो जुन्को होरी या अभिनेत्रीने. डोरेमॉनचा जपानी आवाज १९७९ पासून २००५ पर्यंत, म्हणजे तब्बल २६ वर्षं, नोबुयो ओयामा यांचा होता. अमेरिकेतला बार्ट सिम्पसन हा खोडकर पोरगाही नॅन्सी कार्टराइट या बाईच बोलतात.

आपल्याकडे 'पडद्यामागचा आवाज' ही काही नवी गोष्ट नाही. यशवंत पाध्ये यांनी १९१६ मध्ये अर्धवटराव हा बोलका बाहुला घडवला. पुढे मुलगा रामदास पाध्ये आणि सून अपर्णा पाध्ये यांनी शब्दभ्रमाची ही कला घराघरांत नेली. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, तेव्हापासून मुलांना घरबसल्या मराठी कार्यक्रम मिळायला लागले. लिज्जत पापडाच्या जाहिरातीतला तो हसरा ससा? तोही रामदास पाध्यांचाच.

मग आलं १९९३. रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'जंगल बुक' लागायचं. त्याचा प्रवास बघा. मोगलीचं जंगल म्हणजे आपल्या नागपूरच्या वरचं सिवनी. ती गोष्ट इंग्रजीत लिहिली गेली, कार्टून बनलं जपानमध्ये आणि ते परत आलं हिंदी होऊन. त्यात शेरखानचा आवाज कोणाचा? नाना पाटेकरांचा! १९९५ मध्ये भारतात कार्टून नेटवर्क सुरू झालं, मग निकलोडियन, पोगो, हंगामा. हिंदी डबिंगचं मोठं काम मुंबईत होत असल्यामुळे त्या धंद्यात मराठी गळे पहिल्यापासून आहेत.

हे काम सोपं नाही बरं का. कानात मूळ भाषा वाजत असते, डोळ्यांसमोर पात्राचे ओठ हलत असतात आणि हातात हिंदी संवादाचा कागद. वाक्य ओठांच्या हालचालीतच बसायला हवं. पुन्हा बऱ्याचदा समोर दुसरा कलाकारही नसतो. भांडण असो की रडारड, एकट्याने माइकसमोर करायची. त्यात जपानी हात्तोरी वाक्याच्या शेवटी 'गोझारू' लावतो. हे सामुराईंच्या काळचं बोलणं. आपल्याकडे एखादं पोरगं बखरीतल्या भाषेत बोललं तर कसं वाटेल, तसं. हिंदीत त्याला तोड नाही. म्हणजे शब्दात जी गंमत हरवली, ती आवाजातून भरून काढायची.

आणि एवढं करून नाव? शेवटी भराभर पळणाऱ्या पाट्यांत डबिंग करणाऱ्यांची नावं सहसा नसायचीच. आम्हाला हातोडी पाठ होता, मेघना एरंडे माहीत नव्हत्या.

आता मला खरं जे बोलायचंय ते. एकदा मी आजीला म्हणालो, "मुझे बहुत भूख लगी है." आजी आईकडे वळून म्हणाली, "हा पोट्टा काय म्हनते वं?" सगळे हसले, मीही हसलो. विदर्भात हिंदी काही परकी नाही, आमच्या बोलण्यात ती मिसळलेलीच आहे. तक्रार हिंदीची नाही. पण हातोडी आजीच्या भाषेत एकदाही बोलला नाही. त्यामुळे शूर व्हायचं, जादू करायची, तर हिंदीत, आणि जेवायला या म्हणायचं तर मराठीत, अशी वाटणी डोक्यात कधी झाली ते मला कळलंच नाही. बोलणारी मराठी, ऐकणारा मराठी, आणि मधली गोष्ट मात्र दुसऱ्याच भाषेत.

आता एक पाऊल पुढे जाऊ. आपल्याच जिल्ह्यात झरी-जामणी, मारेगाव, पांढरकवड्याकडे कोलामांचे पोड आहेत. कोलामी ही मराठीची बोली नव्हे, ती द्राविडी कुळातली वेगळी भाषा आहे. तिथलं पोरगं घरात कोलामी बोलतं, शाळेत मराठी शिकतं आणि कार्टून हिंदीत बघतं. मला निदान मराठीत पुस्तकं तरी होती. त्याचं काय?

हे बदलू शकतं. अमेरिकेत २०१९ मध्ये 'मॉली ऑफ डेनाली' ही मुलांची मालिका आली. अलास्कातल्या आदिवासी मुलीची गोष्ट, आणि मॉलीचा आवाजही आदिवासी समाजातल्याच मुलीचा, सॉव्हरिन बिलचा. २०१६ मध्ये 'फाइंडिंग नीमो' हा सिनेमा नवाहो या आदिवासी भाषेत आणला गेला. न्यूझीलंडमध्ये 'मोआना' माओरी भाषेत आला. तिथल्या पोरांना समुद्रातला मासा आपल्या आजीसारखा बोलताना ऐकू आला. ही छोटी गोष्ट नाही मंडळी.

मेघना एरंडेंच्या कामातून मी एवढंच शिकलो: पडद्यावरचं चित्र कुठूनही येऊ दे, पोराच्या जवळ जातो तो आवाज. म्हणून आवाज कोणाचा आणि कोणत्या भाषेत, हा प्रश्न विचारायलाच हवा.

तुमच्या हातात फोन आहे, त्यात रेकॉर्डर आहे. आजी असेल तर आज रात्री तिला एक गोष्ट सांगायला लावा. वऱ्हाडीत, कोलामीत, गोंडीत, जी तिची भाषा असेल तीत. रेकॉर्ड करा, आणि फाइलला तिचंच नाव द्या. माझी आजी आता नाही. हातोडीचे भाग मला कधीही, कुठेही ऐकता येतात. तिचा आवाज मात्र माझ्याकडे नाही.

भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा, बोलत राहा.