इंकजेट मुद्रणातील कृष्णधवल छटांचा विकास (१९९१ ते २००५) : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
कृष्णधवल छायाचित्राचे सौंदर्य गडद काळ्यापासून शुभ्र कागदापर्यंत अखंड उतरत जाणाऱ्या करड्या छटांवर अवलंबून असते. डार्करूममधील सिल्व्हर जिलेटिन कागदावर साध्य झालेली ही अखंडता इंकजेट मुद्रणास दीर्घकाळ गाठता आली नाही. प्रस्तुत लेखात त्या दिशेने झालेल्या प्रयत्नांचा आढावा घेण्यात आला आहे.

समस्येचे स्वरूप :
इंकजेट प्रिंटर शाईचे सूक्ष्म थेंब कागदावर टाकतो. केवळ काळी शाई वापरल्यास फिकट छटेसाठी थेंब विरळ टाकावे लागतात व ते रवाळ दिसतात. म्हणून सायन, मॅजेंटा व पिवळ्या शाईच्या मिश्रणातून करडा रंग साधला जाई. मात्र असा करडा रंग दिव्याखाली एक, तर उन्हात दुसराच भासतो. शिवाय तिन्ही शाया सारख्या गतीने फिक्या न पडल्यास कालांतराने चित्रावर रंगाची झाक येते.

विकासाचे टप्पे :
संगीतकार व छायाचित्रकार ग्रॅहम नॅश यांनी मॅक होल्बर्ट यांच्यासह १९९१ मध्ये कॅलिफोर्नियातील मॅनहॅटन बीच येथे 'नॅश एडिशन्स' ही मुद्रणशाळा सुरू केली. छपाईपूर्व प्रूफ काढण्यासाठी बनविलेला आयरिस प्रिंटर त्यांनी कलामुद्रणासाठी वापरला. छटा मृदू मिळाल्या. परंतु त्या काळातील डाय शाई प्रकाशात लवकर उडत असे.

पुढील निर्णायक पाऊल व्हरमाँट येथील मुद्रक जॉन कोन यांनी उचलले. त्यांच्या २००० सालच्या 'पिझोग्राफी' पद्धतीत रंगीत शायांच्या जागी काळ्याच्या वेगवेगळ्या तीव्रतेच्या शाया भरल्या जात. फिकट छटेसाठी फिकट शाईचेच दाट थेंब पडू लागल्याने रवाळपणा लोपला व रंगीत मिश्रणाची गरजही उरली नाही.

एप्सन कंपनीने २००२ मध्ये 'स्टायलस फोटो २२००' या प्रिंटरमध्ये काळ्यासोबत फिकट काळी पिगमेंट शाई दिली. २००५ च्या 'अल्ट्राक्रोम के-३' संचात काळ्याच्या तीन तीव्रता एकत्र आल्या आणि कृष्णधवल मुद्रणासाठी प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतंत्र सोयही झाली.

निष्कर्ष :
उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, छटांची गुणवत्ता केवळ थेंबांची संख्या वाढवून सुधारली नाही. काळ्या शाईच्या तीव्रता वाढविणे अधिक निर्णायक ठरले. तसेच ही गरज प्रथम ओळखली ती छायाचित्राशी रोजचा संबंध असलेल्या लहान मुद्रणशाळांनी. मोठ्या उत्पादकांनी तिला नंतर व्यापक रूप दिले. तंत्रज्ञानाच्या इतिहासात वापरकर्त्याचे हे योगदान दुर्लक्षून चालणार नाही.