गुलबर्ग्याची जामी मशीद आणि कोर्दोव्हाचे साम्य

गुलबर्ग्याच्या (आजचे कलबुर्गी) किल्ल्यातील जामी मशीद ही स्पेनमधील कोर्दोव्हा येथील मशिदीची अनुकृती होय, असे विधान प्रवासवर्णनांतून व स्थलपुस्तिकांतून वारंवार आढळते. विधान आकर्षक आहे, आणि म्हणूनच ते न तपासता पुढे चालत आले असावे.

कोर्दोव्हाच्या मशिदीचा आरंभ इ. स. ७८५ च्या सुमारास पहिल्या अब्दुर्रहमानाने केला. तिच्यासाठी जुन्या रोमन व व्हिसिगॉथिक इमारतींतील स्तंभ वापरण्यात आले. हे स्तंभ आखूड पडत असल्याने छत उंचावण्यासाठी एका कमानीवर दुसरी कमान रचावी लागली. तांबडी वीट आणि पांढरा दगड यांचे आलटून पालटून येणारे पट्टे असलेली ही दुहेरी कमान हेच त्या वास्तूचे खरे वैशिष्ट्य. छत लाकडी होते. आणि दालनाच्या उत्तरेस प्रशस्त उघडे अंगण होते. ते आजही आहे. १२३६ मध्ये या वास्तूचे ख्रिस्ती प्रार्थनामंदिरात रूपांतर झाले.

गुलबर्ग्यास यांपैकी काहीच नाही. येथे बारीक स्तंभांऐवजी चुन्याच्या गिलाव्याचे भक्कम चौरस खांब आहेत; लाकडी छताऐवजी घुमटांच्या रांगा आहेत. आणि मुख्य म्हणजे येथे अंगणच नाही. पूर्व-पश्चिम २१६ फूट व उत्तर-दक्षिण १७६ फूट, म्हणजे सुमारे ३८,००० चौरस फुटांचे सारे क्षेत्र आच्छादिलेले आहे. प्रकाश येतो तो पश्चिमेखेरीज तिन्ही बाजूंच्या रुंद कमानींतून. या कमानी जमिनीपासून थोड्याच उंचीवर वळण घेतात; त्यामुळे त्यांची रुंदी डोळ्यांत भरते. साम्य उरते ते एवढेच की, दोन्हीकडे आत उभे राहिले असता कमानींमागून कमानी दिसतात. एवढ्यावरून वंशसंबंध जोडणे म्हणजे दोन भाषांत एक शब्द सारखा ऐकू आला म्हणून त्यांना सख्ख्या बहिणी ठरविण्यासारखे आहे.

१३६७ च्या शिलालेखात रफी बिन शम्स बिन मन्सूर काझविनी हे नाव येते. काळ पहिल्या मुहंमदशहा बहमनीचा. ‘काझविनी’ ही निसबत इराणातील काझवीन नगराकडे बोट दाखविते, अंदलुसकडे नव्हे. शब्दांची वाटही तीच आहे. ‘सजदा’ ज्या धातूपासून आला त्याच अरबी धातूपासून ‘मस्जिद’ हा शब्द सिद्ध झाला. स्पेनमध्ये त्याचे ‘मेझकिता’ झाले, मराठीत ‘मशीद’. मराठीतील ‘कमान’ मात्र फारसी. तिचा मूळ अर्थ धनुष्य. ‘घुमट’ हे फारसी ‘गुंबद’चे रूप. अरबी ‘हौद’देखील दख्खनेत आला तो फारसीच्या द्वारेच. अर्थात शब्दांचा प्रवास हा वास्तुकल्पनेच्या प्रवासाचा पुरावा ठरत नाही, आणि इराणातूनही ही रचना जशीच्या तशी आली असे म्हणता येणार नाही. तेथील मोठ्या मशिदींना अंगण हवेच असते. तेव्हा १३४७ मध्ये स्थापन झालेल्या एका नव्या राज्याने, वीस वर्षांत, आपल्या राजधानीत केलेला हा स्वतंत्र प्रयोग मानणे अधिक सयुक्तिक होय. परकी मूळ शोधण्याच्या हौसेत दख्खनच्या कारागिरांचे हे श्रेय हिरावले गेले आहे.

हा प्रयोग पुढे रुजला नाही, हेही खरे. सोळाव्या शतकात आदिलशाहीने विजापुरास जामी मशीद उभारली, तेव्हा तिच्या दालनापुढे पुन्हा मोकळे अंगण आले.