डोलकाठीवरची कप्पी

ट्रॉम्बेच्या कोळीवाड्यातून ठाण्याच्या खाडीत उतरणाऱ्या होड्या आता इंजिनावर चालतात. शिडाचे दिवस सरले आणि परबाण (शीड बांधलेला लांब वासा) वर चढवणारी लाकडी कप्पीही कामातून गेली. तिच्याशिवाय लांबलचक परबाण आणि त्याला बांधलेलं ओलं शीड नुसत्या हातांनी डोलकाठीवर कोण नेणार? दोर कप्पीवरून खाली घेतला की अंगाचा भार टाकून ओढता येतं. एक स्थिर आणि एक सरकती अशा दोन कप्प्यांतून फिरवला तर जोरही कमी लागतो, मात्र दोर त्याच हिशेबाने जास्त ओढावा लागतो. फुकट काहीच नाही.

विहिरीवर मोटेला असायचं तेच हे चाक. हलत्या गलबतावर दोर चाकावरून उडू नये म्हणून दोन्ही अंगांना लाकडाचे जाड गाल आले आणि आरपार आस आला.

या घराण्यातलं मोठं वळण मात्र इंग्लंडात, पोर्ट्समथच्या गोदीत आलं. एका मोठ्या युद्धनौकेला हजारभर कप्प्या लागत आणि त्या सगळ्या कारागिरांनी घडवायच्या. मार्क ब्रुनेलने यंत्रांची कल्पना मांडली, हेन्री मॉडस्लेने ती घडवली. १८०८ साली तिथल्या ४५ यंत्रांनी वर्षभरात १,३०,००० कप्प्या काढल्या. जिथे ११० कसबी हात लागत तिथे १० साधे मजूर पुरले. कारखानदारीच्या इतिहासात वाफेच्या इंजिनाचं कौतुक फार होतं. पण एकसारखा माल यंत्रांच्या रांगेतून काढण्याची सुरुवात या लाकडी ठोकळ्यापासून झाली, हे फारसं कुणी सांगत नाही.

त्याच काळात मुंबईच्या गोदीत वाडिया घराणं सागाची जहाजं बांधत होतं. ऑक्टोबर १८१७ मध्ये इथे पाण्यात उतरलेलं ‘ट्रिंकोमाली’ आज इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतं आहे. ओकच्या लाकडातलं आम्ल लोखंड खातं, तर सागातलं तेल लोखंड जपतं. मुंबईच्या जहाजांच्या दीर्घायुष्याचं एक कारण हेच.

जुनी कप्पी ओळखायची तर आधी गाल बघावेत. बाहेरून दोराचा फास बसण्यासाठी खाच कोरलेली असेल तर ती जुन्या पद्धतीची. पुढे त्या दोराची जागा लोखंडी पट्टीने घेतली. मग चाक. विलायती कप्प्यांची चाकं बऱ्याचदा वेस्ट इंडीजकडच्या लिग्नम व्हायटी या लाकडाची असत. ते इतकं घट्ट की सुटं चाक पाण्यात टाकलं तर बुडतं. त्यातली राळ आसाला आपोआप वंगण पुरवते. सागाचं चाक मात्र तरंगतं.

शेवटी आस काढून बोटांत फिरवावा. भार कायम एकाच अंगाला येत असल्याने तिथे तो चपटा झालेला लागतो. फार झिजला नसेल तर अर्धा वळवून बसवला की कोरी बाजू भाराला येते. लोखंडी आस गंजून फुगला तर चाक अडकतं, आणि अडकलेल्या चाकावर दोर कापला जातो. म्हणून आसाला चरबी किंवा ग्रीस, गालांना तेल. मात्र गालात रेषेरेषेने आरपार चीर गेलेली कप्पी भाराला लावू नये.

अशी कप्पी माळ्यावर पडलेली असेल तर घासून-पुसून, वार्निश मारून तिचा दिवा करू नका. दोराने पाडलेले चरे तसेच राहू द्या, आणि ती कोणत्या होडीची, कुणाच्या घरची, ते घरात जाणतं माणूस आहे तोवर विचारून चिठ्ठीवर लिहून ठेवा.