उजेडाच्या धंद्यातील माणसे

महाराष्ट्रातील प्रकाशव्यवसायाचा इतिहास बहुधा साधनांच्या क्रमाने सांगितला जातो : आधी दिवटी, मग गॅस, रॉकेलचा कंदील आणि शेवटी वीज. ही साधने घडवणारी व चालवणारी माणसे कोठून आली, त्यांना कोणी शिकवले आणि साधन बदलल्यावर त्यांच्या विद्येचे काय झाले, हे प्रश्न त्या मांडणीत मागे पडतात. वास्तविक या व्यवसायातील कित्येक उपक्रम तगले की बुडाले, याचे उत्तर भांडवलाइतकेच जाणत्या कारागिरांच्या उपलब्धतेत शोधावे लागते.

मराठेशाहीत दिवटी, म्हणजे काठीच्या टोकाला चिंध्या घट्ट गुंडाळून, त्यांवर बुधलीतून तेल ओतीत जळती ठेवलेली मशाल, धरणारे मशालजी सरदारांच्या चाकरीत असत. गावोगावी वरातीपुढे मशाल धरण्याचे काम अनेक ठिकाणी न्हाव्याकडे असे आणि त्याचा मोबदला बलुत्यात, म्हणजे सुगीच्या वेळी मिळणाऱ्या धान्याच्या ठरीव वाट्यात, धरलेला असे. काम वंशपरंपरेने येत असल्यामुळे माणसे शोधण्याचा प्रश्नच उद्भवत नसे. मात्र त्यामुळेच हे काम सोडून दुसरे धरण्याची मोकळीकही फारशी नव्हती.

मुंबईत 7 ऑक्टोबर 1865 रोजी रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले, तेव्हा दिवे पेटवीत जाणाऱ्या माणसांच्या मागे बघ्यांची गर्दी लोटली होती. दिवाबत्तीचे हे काम मजुरीचे होते : सांजवेळी ठरलेल्या खांबांची फेरी करणे, तोटी उघडून ज्योत लावणे, काच पुसणे, पहाटे पुन्हा फिरून दिवे मालवणे. ते थोड्या दिवसांत शिकता येई. खरे कसब कारखान्यात लागे, कारण तेथे बंद भांड्यात दगडी कोळसा तापवून निघालेला वायू धुऊन, साठवून नळांतून शहरभर खेळवावा लागे. विजेच्या बाबतीत हे अंतर आणखी वाढले. 1882 मध्ये क्रॉफर्ड मार्केट विजेने उजळले खरे, पण तो उपक्रम लवकरच बारगळला, आणि मुंबईला विजेच्या नियमित पुरवठ्यासाठी पुढे दोन दशकांहून अधिक काळ थांबावे लागले.

मनुष्यबळाचा प्रश्न सर्वांत स्पष्ट दिसतो तो काचेच्या धंद्यात. रॉकेलच्या दिव्याला चिमणी, म्हणजे ज्योतीभोवतीची काच, अत्यावश्यक असते. ती परदेशातून येई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानात निघालेले काचकारखाने परदेशी फुंकणाऱ्यांवर अवलंबून राहिले आणि त्यांतील बरेचसे बुडाले. स्वदेशीच्या चळवळीत अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागून पैसाफंड उभा केला, लोकमान्य टिळकांनी त्याला पाठबळ दिले आणि 1908 च्या सुमारास तळेगाव दाभाडे येथे त्या फंडाचा काच कारखाना सुरू झाला. परदेशात काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तेथे होते. या कारखान्याचे महत्त्व त्याने किती माल काढला यावरून मोजणे अन्यायाचे ठरेल. फुंकनळीच्या टोकावर वितळलेल्या काचेचा नेमका तेवढाच गोळा उचलणे, तो फिरता ठेवीत साच्यात फुंकणे, फुंक किंचित जास्त झाली तर भिंत पातळ पडते हे गालांच्या अंदाजाने ओळखणे, आणि तयार वस्तू तडकू नये म्हणून ती हळूहळू निववणे, हे पुस्तकावरून येणारे ज्ञान नव्हे. ते भट्टीपाशी उभे राहूनच अंगी मुरते. तळेगावने अशी माणसे तयार केली आणि ती पुढे देशभरच्या काचकारखान्यांत पसरली. लोकांच्या पैशातून निघालेली ती एक कार्यशाळाच होती, असे म्हणणे अधिक योग्य.

पहिल्या महायुद्धात जर्मनी व ऑस्ट्रियाचा माल बंद झाला आणि देशी काचेला एकाएकी गिऱ्हाईक लाभले. 1916 मध्ये ओगले बंधूंनी कऱ्हाडजवळ कारखाना काढला. त्याभोवती वसलेली ओगलेवाडी आणि तेथे पुढे तयार होऊ लागलेला ‘प्रभाकर’ कंदील ही दोन्ही नावे घरोघरी पोहोचली. कंदिलात काचेखेरीज पत्र्याची टाकी, बर्नर आणि दांडी लागते. म्हणून काच फुंकणाऱ्याच्या जोडीला साचे घडवणारा, पत्रा दाबणारा, डाग देणारा असे कामगारही लागले. मोठ्या शहरापासून दूर, माळावर असे कसबी हात जमवणे हे भांडवल जमवण्याहून सोपे नसावे.

स्वातंत्र्यानंतर वीज खेड्यांत शिरली, तशी कंदिलाची आणि त्याच्या कारागिराची मागणी ओसरली. आता हवा होता तो वायरमन. 1956 च्या वीज नियमांनी जोडणीचे काम परवानाधारक कंत्राटदाराकडून आणि सक्षमतेचे प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली व्हावे असे बंधन घातले, तर औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी, म्हणजे बोलीतल्या आयटीआयने, वायरमन व इलेक्ट्रिशियन हे स्वतंत्र अभ्यासक्रम चालवले. वंशाची जागा प्रमाणपत्राने घेतली. विनापरवाना वायरमन मात्र त्यानंतरही गल्लोगल्ली होता आणि आहे, कारण रात्री फ्यूज उडाल्यावर कोणी कागद पाहत बसत नाही.

2015 च्या जानेवारीत सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेनंतर एलईडी झपाट्याने स्वस्त झाले आणि नोकरभरतीचे स्वरूप पुन्हा पालटले. या दिव्यात तार तापत नाही, अर्धवाहकाचा कण प्रकाशतो. त्याला घरगुती विजेचे रूपांतर करून स्थिर प्रवाह पुरवणारा ‘ड्रायव्हर’ नावाचा मंडलसंच लागतो, आणि कणाची उष्णता वाहून नेणारी धातूची बैठक नीट नसेल तर दिवा अकाली मंदावतो. त्यामुळे कारखान्यांना इलेक्ट्रॉनिक्स आणि उष्णताशास्त्र जाणणारे अभियंते हवे झाले, तर मोठ्या इमारतींच्या कामांत कोठे किती उजेड पडेल याचा संगणकावर आधीच हिशेब मांडणाऱ्या प्रकाशरचनाकारांना भाव आला. ट्यूबचा चोक किंवा स्टार्टर बदलून देणाऱ्या वायरमनला एलईडीचा सीलबंद नग उघडून दुरुस्त करता येत नाही. तो जुना नग काढतो, नवा बसवतो आणि बिघडलेला टाकून देण्यास सांगतो.