आपोआप थांबणारे संगीत: ‘चिल-आउट’ गाण्यांचा इतिहास आणि तुमची झोप

“डॉक्टर, रात्रपाळी करून आलो की अंग दमलेलं असतं, पण झोप लागत नाही. मोबाईलवर ते शांत म्युझिक लावून झोपलो तर चालेल का?” बोईसर-पालघर भागात हा प्रश्न पडणारे अनेकजण आहेत. १९६९ मध्ये तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले, पुढे औद्योगिक वसाहत वाढली आणि रात्री जागून दिवसा झोपणे इथल्या हजारो घरांचा नित्यक्रम झाला.

प्रश्नाचे थोडक्यात उत्तर “हो, चालेल” असे आहे. पण कसे ऐकायचे, हे समजण्यासाठी या संगीताचा इतिहास जाणून घ्या. तो आरोग्याशी तुम्हाला वाटतो त्यापेक्षा जास्त जोडलेला आहे.

सुरुवात आजारपणाच्या खाटेवर

सिंथेसायझरवर बनवलेल्या, बहुधा शब्द नसलेल्या या संथ संगीताला अँबियंट, डाउनटेम्पो, चिल-आउट अशी नावे आहेत. डाउनटेम्पोचा ठेका मिनिटाला साधारण ७० ते १०० असतो, तर क्लबमधल्या नाचाच्या संगीताचा १२० च्या वर.

१९७५ च्या जानेवारीत ब्रायन ईनो हा इंग्लिश संगीतकार टॅक्सीच्या धडकेने जखमी होऊन घरी पडून होता. त्याने स्वतः सांगितलेली हकीकत अशी: भेटायला आलेल्या मैत्रिणीने हार्प वाद्याची एक रेकॉर्ड आणून दिली. त्याने ती कशीबशी लावली आणि पुन्हा आडवा झाला, तेव्हा लक्षात आले की आवाज फारच कमी आहे आणि एक स्पीकर बंद आहे. उठायची ताकद नव्हती. मग बाहेरच्या पावसात मिसळलेले ते पुसट सूर तो तसाच ऐकत राहिला. त्याच वर्षी त्याने ‘डिस्क्रीट म्युझिक’ हा अल्बम काढला आणि तो अगदी हळू आवाजात ऐका, असे सोबतच्या टिपणात सुचवले. पुढे ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’ आला. म्हणजे हे संगीत पहिल्यापासूनच हळू ऐकण्यासाठी होते.

आपल्या पुण्यात

त्याच दशकात डॉयटर हा जर्मन संगीतकार पुण्याच्या ओशो आश्रमात ध्यानासाठी संगीत करत होता. तिथल्या ‘कुंडलिनी’ ध्यानाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे चार टप्पे आहेत. पहिल्या तीन टप्प्यांत संगीत असते. शेवटच्या टप्प्यात साधक आडवा पडतो आणि संगीत पूर्ण बंद होते. त्या तत्त्वज्ञानाबद्दल तुमचे मत काहीही असो, ही रचना ध्यानात ठेवा. पुढे ती उपयोगी पडणार आहे.

‘चिल’ म्हणजे खरोखर थंड होणे

१९८९ मध्ये लंडनच्या ‘हेवन’ क्लबमध्ये नाचाच्या हॉलपासून वेगळ्या खोलीत ॲलेक्स पॅटरसन आणि सोबती संथ संगीत वाजवू लागले. त्या काळात अशा क्लबांत ‘एक्स्टसी’ हे अमली द्रव्य पसरले होते. त्याने शरीराचे तापमान धोकादायकरीत्या वाढते. गर्दीत तासन्‌तास नाचले तर जीवही जाऊ शकतो. म्हणून बसायला जागा, मोकळी हवा आणि पाणी असलेली शांत खोली हा पुढे ब्रिटनमध्ये सुरक्षिततेच्या सूचनांचाच भाग झाला. तिथे संगीताच्या जोडीला विश्रांतीची जागाही होती.

स्पेनच्या इबिझा बेटावर ‘कॅफे देल मार’मध्ये होजे पादिया सूर्यास्ताच्या वेळी असेच संगीत लावत असे. १९९४ मध्ये त्या नावाचा पहिला संकलन-अल्बम निघाला, १९९९ मध्ये पॅरिसहून ‘बुद्धा बार’ आला आणि अशा सीडींची जगभर लाट आली.

मग बिघडले कुठे?

कॅसेटची एक बाजू ३० किंवा ४५ मिनिटांत संपायची. सीडी फार तर ८० मिनिटे चालायची. तुम्ही झोपलेले असताना ती खट्‌ करून थांबायची आणि खोलीत शांतता व्हायची. आज मोबाईलवर आठ-दहा तासांचे व्हिडिओ असतात. एक संपला की दुसरा आपोआप सुरू होतो, मध्येच जाहिरात मोठ्याने वाजते आणि इअरफोन कानातच राहतात.

२००६ मध्ये इटलीतील बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी २४ जणांना वेगवेगळ्या प्रकारचे संगीत ऐकवले. जलद संगीताने श्वास, नाडी आणि रक्तदाब वाढले. पण सर्वांत जास्त आराम दिसला तो मध्ये ठेवलेल्या दोन मिनिटांच्या शांततेत. त्या वेळी ही मापे संगीत सुरू होण्याआधीपेक्षाही खाली गेली. पुण्याच्या ध्यानातला तो चौथा टप्पा आठवा.

झोपेबद्दलचा पुरावाही आश्वासक आहे. २०२२ च्या कॉक्रेन आढाव्यात १३ अभ्यास आणि १,००७ प्रौढ होते. संगीत ऐकणाऱ्यांनी आपली झोप सुधारल्याचे सांगितले. तिथे ऐकण्याचा वेळ साधारण २५ ते ६० मिनिटांचा होता, रात्रभराचा नव्हे.

तुम्ही काय कराल?

• स्लीप टायमर ४५ मिनिटांवर ठेवा. ऑटोप्ले बंद करा.

• झोपताना इअरफोन नको. छोटा स्पीकर खोलीच्या दुसऱ्या टोकाला, जेमतेम ऐकू येईल इतक्या आवाजात ठेवा.

• कानाचा हिशोब आठवड्याचा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास चालतो, ९० डेसिबल फक्त ४ तास. कारखान्यात यंत्रांचा आवाज ऐकून आलेल्या कानांना वर लोकलमध्ये मोठ्या आवाजातले ‘शांत’ संगीत दिले, तर कानांना विश्रांती मिळतच नाही.

• रूळ किंवा रस्ता ओलांडताना इअरफोन काढा.

• रात्रपाळीनंतर झोपताना खोलीत जाड पडदे लावून अंधार करा. उजेडात निव्वळ संगीत पुरे पडत नाही.

आठवड्यातून तीन किंवा जास्त वेळा झोपेची तक्रार असेल आणि ती तीन महिने टिकली असेल, जोरात घोरणे असेल, काम करताना डुलकी लागत असेल किंवा कानात सतत शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर गाणी बदलत बसू नका. डॉक्टरांना भेटा. मशीनवर लागलेली एक डुलकी हात किंवा जीव घेऊ शकते, आणि आवाजाने कायमची गेलेली श्रवणशक्ती कोणत्याही औषधाने परत येत नाही.

आज रात्री किंवा रात्रपाळी संपवून उद्या सकाळी झोपाल, तेव्हा आवडीचे संथ संगीत जरूर लावा. मात्र ते हळू असू द्या आणि वेळेत थांबू द्या.